फोन घरीच होता

ललित घर सोडून अकोल्याला आईकडे राहायला गेला, त्याला सात-आठ महिने झाले होते. जाताना त्यानं फारसं काही नेलं नाही. कपडे, लॅपटॉप आणि भिंतीवरचं घड्याळ. ते त्याच्या मित्रांनी लग्नात दिलेलं म्हणून. अमरावतीत कठोरा नाक्याजवळचं ते घर रश्मीच्या वडिलांनी बांधलेलं होतं, त्यामुळे घरावरून वाद नव्हता. वाद होता तो नऊ वर्षांच्या आकांक्षाचा. ती कोणाकडे राहणार, हे कोर्टात ठरायचं होतं.

रश्मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ललित एका खाजगी कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. हे तो सगळ्यांना सांगायचा आणि ते खरंही होतं. पण ती कुठे गेली, कोणाशी बोलली, उशीर काहून झाला, याची उत्तरं तिला रोज द्यावी लागायची. उत्तर पटलं नाही तर तो दोन-दोन दिवस बोलायचा नाही, आणि मग अचानक तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. एकदा त्यानं आकांक्षाच्या देखत तिचा फोन हिसकावून ओट्यावर आपटला. त्या दिवशी रश्मी म्हणाली, "बस झालं आता. मले असं नाही जगता येत."

तो गेल्यावर पहिले काही आठवडे तिला घरातली शांतता ओळखीचीच वाटेना. कॉलेज सुटल्यावर ती मुद्दाम भाजीबाजारात रेंगाळायची. कोणी विचारणारं नाही, या गोष्टीची सवय व्हायलाही वेळ लागतो.

आकांक्षाची शाळा रश्मीच्या कॉलेजाआधी सुटायची. मधला वेळ ती शेजारच्या आशाबाईंकडे असायची. आशाबाई आणि त्यांचे यजमान खुशालराव मूळचे वलगावचे. तिथं त्यांची शेती होती, पण गुडघे दुखायला लागल्यापासून ते शहरातल्या घरी जास्त राहायचे. आशाबाई दिवसभर पडवीत बसून काही ना काही निवडत असत. येणारा-जाणारा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. त्यांच्या नात्यातल्या एक-दोघींनी सुरुवातीला रश्मीच्या आडनावावरून नाक मुरडलं होतं. "त्या घरचं लेकरू तुमच्या सैपाकघरात कसं?" असं विचारलं होतं. आशाबाईंनी त्यांना काय उत्तर दिलं ते रश्मीला कधी कळलं नाही, पण त्यानंतर आकांक्षाचं ताट त्यांच्या घरच्या ताटांतच मांडलं जायचं. रश्मीच्या घराची दुसरी किल्लीही त्यांच्याचकडे असायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवलं. ललित इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आवाज अगदी खालचा.

"मॅडम, मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही," तो म्हणाला. "मला फक्त मुलीची काळजी आहे. मागच्या शुक्रवारी ही घरी आली तेव्हा चांगली रात्र झाली होती. त्याच्या आधल्या रविवारी कोणी पियुष नावाचा माणूस दुपारभर घरी होता. दिवाळीच्या सुट्टीत तर ही दोन दिवस घरीच नव्हती. मुलीकडे लक्ष कोण देतं?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. शुक्रवारी कॉलेजात स्नेहसंमेलनाची तयारी होती. पियुष सर तिच्याच कॉलेजात संगणक शिकवायचे. प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासायला ते आणि त्यांची बायको दोघंही आले होते. दिवाळीत ती आकांक्षाला घेऊन अंजनगाव सुर्जीला आई-वडिलांकडे गेली होती. सगळ्याला उत्तर होतं. पण अकोल्यात बसलेल्या माणसाला हे कळलं कसं?

"तुला हे कोणी सांगितलं?" तिनं विचारलं.

ललित हसला. "शहर लहान आहे, रश्मी. लोकांना डोळे असतात."

घरी येताना रिक्षात तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. लोकांना डोळे असतात. त्या गल्लीत दिवसभर बसून पाहणारे डोळे एकाच माणसाचे होते.

तरीही तिनं लगेच काही केलं नाही. आठवडाभर स्वतःला समजावलं. पण ललितचे मेसेज आता रोज यायला लागले. 'आज लवकर घरी?' 'पाहुणे गेले का?' एकदा तिची मैत्रीण जेवायला आली, तर ती जिना उतरत असतानाच मेसेज, 'नवीन मैत्रीण दिसते.' रश्मीनं खिडकीतून पाहिलं. शेजारच्या पडवीत आशाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मांडीजवळ फोन पडलेला.

ती तशीच खाली उतरली.

"काकू, ललितले तुमी फोन करता का?"

आशाबाईंनी मान वर केली. "मी? काहून करू वं? त्याचा लंबर बी नाही माह्यापाशी."

"मग त्याले सारं कसं कळते? माह्या घरी कोण आलं, कोण गेलं, मी कधी आली?"

"मले काय ठाऊक, पोरी?"

इथं थांबायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. दिवसभर दुसऱ्याच्या दारावर नजर ठेवायची कशाला, लेकरू सांभाळायच्या नावाखाली घरात शिरायचं कशाला. आणि शेवटी ती म्हणाली, "आमच्यासारख्याइच्या घरात काय चालते ते पाहाची लोकाइले मजाच वाटते. तुमाले बी तेच पाह्यजे होतं."

हातातल्या शेंगा टोपलीत टाकून आशाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, आत गेल्या आणि किल्ली घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी कठड्यावर ठेवली.

"घे," त्या म्हणाल्या. "आन् पोरीचं पाहून घेजो आता."

दुसऱ्या दिवसापासून आकांक्षा शाळा सुटली की रिक्षानं कॉलेजात यायची आणि शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. "आशाआजीकडे का नाही?" असं तिनं दोनदा विचारलं. मग तिनं विचारणं सोडलं. ललितचे मेसेज मात्र थांबले नाहीत. रश्मीनं पडदे लावायला सुरुवात केली. आता तिला गल्लीतल्या दुधवाल्यावरही संशय यायला लागला, इस्त्रीवाल्यावरही.

जानेवारीत आशाबाई आणि खुशालराव तूर काढायला वलगावला गेले. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात एक दिवस सकाळच्या घाईत रश्मी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला विसरून गेली. कॉलेजात पोचल्यावर लक्षात आलं, पण बारावीची प्रात्यक्षिकं होती, परत जाणं शक्य नव्हतं. दिवस तसाच गेला. आकांक्षाला घेऊन संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा फोनवर ललितचे तीन मेसेज होते.

'आज कॉलेजला दांडी?'

'तब्येत बरी आहे ना?'

'की कोणासाठी सुट्टी घेतली? सकाळपासून घरीच आहेस.'

तिनं ते दोनदा वाचले.

सकाळपासून घरी कोणीच नव्हतं. ती भर गल्लीतून, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन गेली होती. पाहणाऱ्या कोणत्याही माणसानं तिला जाताना पाहिलं असतं. ललितला जो कोणी सांगत होता, त्याला ती दिसतच नव्हती. त्याला फक्त तिचा फोन दिसत होता, आणि फोन घरीच होता.

मग तिला पियुष सरांचा तो रविवार आठवला. त्या दिवशी दोघं नवरा-बायको आले होते. आशाबाईंनी स्वतः दोघांसाठी चहा पाठवला होता, वर सरांच्या बायकोला संत्री बांधून दिली होती. त्यांनी सांगितलं असतं तर दोघांचं सांगितलं असतं. ललितला मात्र एकच पियुष माहीत होता.

"मम्मी, काय झालं?" आकांक्षा दारात उभी होती.

"काही नाही," रश्मी म्हणाली. "माह्या हातून एक मोठी चूक झाली."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पियुष सरांना सांगितलं. सर मूळचे अकोल्याचे, बोलायला सावकाश. त्यांनी तिचा फोन मधल्या सुट्टीत नीट तपासला.

"फोनमध्ये तर काही दिसून नाही राहिलं, मॅडम. घरचं नेट कोणी लावलं होतं?"

"ललितनं. कनेक्शन बी त्याच्याच नावावर हाये."

"तो गेल्यावर पासवर्ड बदलला?"

"नाही," रश्मी म्हणाली. तिनं दाराचं कुलूप बदललं होतं, बँकेतली सही बदलली होती, आकांक्षाच्या शाळेत स्वतःचा नंबर दिला होता. टीव्हीमागच्या त्या दोन दांड्यांच्या काळ्या डब्याकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं.

"आणि त्या रविवारी," सर आठवत म्हणाले, "मी तुमच्याकडून वायफायचा पासवर्ड घेतला होता. माझ्या फोनचं नावच 'पियुष' आहे. बायकोनं घेतला नव्हता, ती आपल्या डेटावरच होती."

संध्याकाळी सर बायकोला घेऊन घरी आले. या वेळी त्यांनी फोन वायफायला जोडला नाही. राउटर कशा प्रकारचा आहे ते पाहून त्यांनी सांगितलं, की याचं एक अ‍ॅप असतं. राउटर ज्याच्या खात्यावर नोंदवलेला असतो, त्याला जगात कुठूनही त्यात डोकावता येतं. कोणता फोन कधी जोडला गेला, कधी तुटला, कोणत्या साइट उघडल्या. नवीन फोन आला की त्याच्या फोनवर टिंग वाजतं. जेवायला आलेल्या मैत्रिणीनंही वायफाय घेतलं होतं, ते रश्मीला आठवलं. डब्याखालच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डनं ते रश्मीच्या लॅपटॉपवरून सेटिंगमध्ये शिरायला गेले, पण तो चालला नाही. ललितनं आपला टाकलेला होता. पडद्यावर फक्त मालकाच्या ई-मेलची पहिली दोन अक्षरं दिसत होती, पुढे फुल्या. ती दोन अक्षरं रश्मीला ओळखीची होती.

"काढून फेकतो याले," ती वायरला हात घालत म्हणाली.

"थांबा," सर म्हणाले. "असं केलं तर पुरावा जाईल. आधी पोलिसांत."

सायबर ठाण्यातल्या फौजदार मॅडमनीही तेच सांगितलं. पंचनामा होईपर्यंत काही बदलायचं नाही, पासवर्ड नाही, काही नाही. त्याला कुणकुण लागली तर तो त्याच्याकडचं सगळं पुसून टाकेल. मेसेज जपून ठेवा, त्याला उत्तर देऊ नका, आणि नेहमीसारखं राहा.

ते चार-पाच दिवस रश्मीला आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा जड गेले. आधी माहीत नव्हतं, आता माहीत होतं. तो काळा डबा हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला असायचा आणि तिला त्याच्यासमोर नेहमीसारखं राहायचं होतं. घराच्या जिन्यावर पाय ठेवला की फोन आपोआप जोडला जायचा. तिला वाटायचं, आता अकोल्यात टिंग वाजलं. वकिलाची माहिती शोधायला तिनं लॅपटॉप उघडला आणि तसाच मिटला. आकांक्षा टॅबवर गोष्टी बघत झोपायची, तेही त्याला दिसत असणार. लेकरू कधी झोपतं, कधी उठतं.

एका संध्याकाळी तिला सहन झालं नाही. तिनं फोन घरीच ठेवला आणि आकांक्षाला घेऊन वडाळी तलावावर गेली. दोघींनी भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. आकांक्षा पाण्यात खडे टाकत होती. रश्मीला किती दिवसांनी मोकळं वाटलं. आणि मग त्याच गोष्टीचा राग आला. आपल्याच गावात, आपल्याच पोरीबरोबर, चोरून फिरायला यावं लागलं.

पंचनामा झाला. पोलिसांनी डब्याचे फोटो घेतले, त्यातली माहिती उतरवली आणि डबा सीलबंद करून नेला. ललितला अकोल्याहून बोलावलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: "कनेक्शन माझ्या नावावर, राउटर मी विकत आणलेला. माझंच नेट मी पाहिलं. मुलीच्या काळजीपोटी पाहिलं. यात गुन्हा कोणता?" फौजदार मॅडमनी ते शब्द न् शब्द तसंच लिहून घेतलं. ललितला वाटलं, आपलं म्हणणं त्यांना पटलं. पण त्याच कागदावर त्यानं महिनोन्‌महिने पाहत असल्याची कबुली दिली होती. गुन्हा नोंदवला गेला. प्रकरण पुढे किती वर्षं चालेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

रश्मीनं स्वतःच्या नावावर नवीन कनेक्शन घेतलं. बसवायला आलेला माणूस पाच मिनिटांत जोडणी करून निघाला होता, तिनं त्याला थांबवलं. कंपनीचा ठरावीक पासवर्ड तिनं त्याच्यासमोर बदलला. राउटरच्या सेटिंगचा वेगळा, वायफायचा वेगळा. कुठल्याही नावाशी, तारखेशी संबंध नसलेले लांबलचक शब्द. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली, बटण दाबून जोडणी करायची सोय बंद केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी निराळं पाहुण्यांचं नेट काढलं. आधी ललितनं हॉलमध्ये लावलेली आणि नंतर कपाटात पडून राहिलेली कॅमेऱ्याची डबी तिनं पोलिसांत नेऊन दिली. ललितनं वाढदिवसाला दिलेला आकांक्षाचा टॅब पियुष सरांनी पूर्ण कोरा केला, कारण त्यातलं खातं वडिलांच्या खात्याला जोडलेलं होतं. टॅबमधली चित्रं गेली म्हणून आकांक्षा रडली.

आशाबाई वलगावहून परत आल्या त्या दिवशी रश्मी त्यांच्या दारात गेली. पडवीत तुरीची पोती होती, खुशालराव ती झाकत होते. तिला पाहून ते आत गेले.

"काकू, मी चुकली," रश्मी म्हणाली. काय घडलं ते तिनं सगळं सांगितलं. डबा, अ‍ॅप, पियुष सर, पोलीस. आशाबाईंना त्यातलं किती समजलं कोण जाणे.

"म्हंजे ते डबं सांगत होतं त्याले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् तुले वाटलं मी."

"हो, काकू."

आशाबाई अंगणाकडे पाहत म्हणाल्या, "मी बसतो इथं, सारं पाहतो, हे खरं हाये. म्हाताऱ्या बाईले दुसरं काय काम? पन पोरी, इतक्या वर्षांत मी तुह्या घरातलं कोनाजवळ बोलली का? तू जे बोलली, आमच्यासारख्याइच्या घरात म्हनून, ते मले लय लागलं. ते त्या डब्यानं नाही सांगतलं तुले बोलाले. ते तुह्या पोटातलं होतं."

रश्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आशाबाईंनी तिला रडू दिलं.

"पोरीले धाडत जा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "तिचा काय गुन्हा हाये त्यात? तिथं कॉलेजात उपाशी बसते म्हने लेकरू."

रश्मीनं पर्समधून किल्ली काढली. आशाबाईंनी मान हलवली.

"नको. ते राहू दे तुह्यापाशीच."

आकांक्षा पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागली. रश्मी संध्याकाळी घ्यायला गेली की आशाबाई पूर्वीसारख्या "बस, च्या घे" म्हणत नसत. शाळेचा डबा हातात द्यायच्या, पोरीनं काय खाल्लं ते सांगायच्या, तेवढंच.

कोर्टानं अजून भेटी थांबवल्या नव्हत्या. महिन्यातल्या दोन रविवारी आकांक्षानं वडिलांकडे जायचं होतं. फेब्रुवारीतल्या पहिल्या भेटीला रश्मी तिला स्वतः अकोल्याला घेऊन गेली. ललितची आई चतुराबाई हिनं दारातूनच नातीला आत घेतलं. सुनेकडे एकदा पाहिलं. रश्मी दिवसभर एका मैत्रिणीकडे थांबली आणि संध्याकाळी पोरीला घेऊन बसमध्ये बसली.

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आकांक्षा खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "पप्पांनी नवीन पासवर्ड विचारला."

"मग?"

"म्हणाले, गंमत म्हणून सांग. तुला नवीन टॅब देतो. मग मी म्हटलं मला माहीत नाही. ते म्हणाले, खोटं बोलू नको, मम्मीनं तुला खोटं बोलायला शिकवलं." तिचा आवाज बारीक झाला. "मग आजी स्वयंपाकघरातून आली. ती पप्पांना ओरडली. म्हणाली, लेकराले काहून इचारतं, लाज नाही वाटत का तुले. पप्पा बाहेर निघून गेले. मग आजीनं मला थालीपीठ दिलं आणि ती पण रडली."

रश्मीनं तिला जवळ ओढलं. पोरीला खरंच पासवर्ड माहीत नव्हता. टॅबमध्ये तो रश्मीनं स्वतः टाकला होता, तिला न दाखवता. तिला वाटलं होतं, मोठी झाली, विश्वास बसला, की हळूच सांगू.

"मम्मी," आकांक्षा म्हणाली, "मला कधीच सांगू नको."

"काय?"

"पासवर्ड. मी मोठी झाले तरी. मला माहीत असला तर मला खोटं बोलावं लागेल. नाहीतर सांगावा लागेल."

बस बडनेऱ्याच्या दिशेनं धावत होती. समोरच्या सीटवरचा माणूस फोनवर मोठ्यानं बोलत होता. रश्मीला त्या क्षणी काहीतरी बोलायचं होतं. असं नसतं बेटा, घरातल्या माणसापासून काही लपवायचं नसतं, असं काहीतरी, आईनं पोरीला सांगावं तसं. पण ते खोटं ठरलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "नाही सांगणार."

आकांक्षानं मान हलवली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली. पुढच्या तारखेला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते शब्द रश्मी मनात जुळवू लागली. भेटी घरी नकोत, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कोणीतरी समोर बसलेलं असताना व्हाव्यात. ते मागताना आकांक्षाचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि पोरीला पुन्हा कोणापुढे तरी बसून हे सगळं सांगावं लागणार होतं.